अप्पांच्या अंगातली कडी

एप्रिलचा दुसरा आठवडा आहे. प्रयोगशाळेच्या खिडक्यांना आम्ही जुने टॉवेल ओले करून लावलेत. तासाभरात ते वाळतात आणि पापडासारखे कडक होतात. समोर पंप चालू आहे. हा पंप म्हणजे इंजेक्शनची मोठी सिरिंज हळूहळू दाबणारं एक यंत्र. सिरिंजमधून थेंब पडतो, खाली काचेच्या मोठ्या भांड्यात विरघळतो, आणि बऱ्याच वेळाने दुसरा पडतो. हे दोन दिवस चालतं. मधे लाइट गेली तर पंप थांबतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते, म्हणून कुणीतरी समोर बसून राहायचं असतं. गेली चार वर्षं तो कुणीतरी म्हणजे मी.

गेल्या आठवड्यात अशीच इथे बसलेली असताना अप्पांचा, माझ्या वडिलांचा, फोन आला. अप्पा फोनवर मोठ्याने बोलतात. सोलापुरातल्या भवानी पेठेतून इथवर आवाज आपण स्वतःच पोचवायचा आहे, असं त्यांना वाटतं.

"अंबादासचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय. न्हाय म्हनत हुता. मी म्हटलं, भितो कशाला बे, आपल्या नंदाची कडी हाय की. मला दिलती तशी तुला बी देत्याल. आता तयार झालाय. तू रविवारी ये आन् त्याला नीट समजावून सांग."

मी "बरं" म्हटलं. फोन ठेवला. थेंब पडला. खिडकीवरचा टॉवेल वाळून गेला होता, पण उठून तो भिजवायचंही मला सुचेना.

अप्पांच्या अंगात माझी कडी कधीच गेली नव्हती. कुणाचीच गेली नव्हती. हे जगात दोघींनाच माहीत होतं, एक भुलीच्या डॉक्टर आणि दुसरी मी.

*

आमच्या गल्लीत बी.एस्सी. झालेली मी पहिली. एम.एस्सी. झालेलीही मीच पहिली, आणि आता पीएच.डी. चाललीय. हे मी सांगते, कारण मला सांगायला आवडतं. घरात माझ्याआधी कुणी बारावीचा उंबरा ओलांडला नव्हता. ज्यांच्या घरात तीन पिढ्या शिकलेल्या असतात त्यांना असं सांगावं लागत नाही. मला लागतं.

अप्पा वहीफणीचं काम करतात. यंत्रमागावर सूत गुंडाळलेला नवा रूळ, म्हणजे बीम, चढवायचा, कापडाची नक्षी बदलायची, की त्यातला प्रत्येक धागा नव्याने ओवावा लागतो. आधी वहीच्या डोळ्यातून, म्हणजे मागाच्या चौकटीत उभ्या टांगलेल्या तारांना मधोमध बारीक भोकं असतात त्यांतून. मग फणीच्या दातांमधून. दोन-अडीच हजार धागे, एकेक करून. चौकटीच्या पुढे ओढणारा बसतो, मागे देणारा. ओढणारा डोळ्यातून बारीक हुक आत घालतो, देणारा त्या हुकावर धागा ठेवतो, ओढणारा ओढतो. की पुन्हा हुक आत. अप्पा ओढणारे, त्यांचे जोडीदार अंबादासमामा देणारे. मामांचं घर तेलुगू बोलणारं, आमचं मराठी. तीस वर्षं दोघं समोरासमोर बसलेत आणि मधे वह्यांची जाळी. आई म्हणते, "नवराबायकोनं बी एकमेकाला एवढं बघितलं नसंल."

या कामात एक गोष्ट मी लहानपणी पाहिली, ती विसरता येत नाही. एखादा धागा चुकीच्या डोळ्यात गेला, तर तिथून पुढचा प्रत्येक धागा एकाने सरकतो. ओवताना ते कळत नाही. माग चालू झाल्यावर कळतं, कापडावर. मग चूक जिथे झाली तिथपर्यंत सगळे धागे काढायचे आणि पुन्हा ओवायचे. दुसरा उपाय नाही. अप्पा अशा वेळी शिव्या देत नसत. चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "अंबादास, माघारी चल."

*

मी काय करते, ते विचारणाऱ्याला मी सांगते की मी कड्या करते. साखळीची कडी असते तशी, पण इतकी बारीक की अख्खी कडी म्हणजे एकच रेणू. माणसाने प्रयोगशाळेत बनवलेला, गोल, मधे पोकळी असलेला रेणू. त्या पोकळीत मापाचा दुसरा रेणू जाऊन बसतो. औषधाचा बसवता आला, तर ते रक्तातून सुखरूप न्यायचं आणि नेमक्या जागी सोडायचं. विषाचा बसवता आला, तर त्याला पकडून लघवीवाटे बाहेर काढायचं. जगभर लोक यामागे आहेत. माझी कडी अजून काचेच्या नळीच्या बाहेर पडलेली नाही, हेही सांगून टाकते. माणूस फार लांब राहिला, माझ्या कडीने अजून उंदीरही पाहिलेला नाही.

कडी बनवणं सोपं वाटतं. लांब रेणू घ्यायचा, त्याचं डोकं शेपटीला जोडायचं. पण भांड्यात एक रेणू नसतो, कोट्यवधी असतात, आणि याचं डोकं स्वतःच्या शेपटीपेक्षा शेजाऱ्याच्या शेपटीला आधी भेटतं. तो शेजारी पुढच्याला. बघता बघता कडीऐवजी लांबलचक गुंता होतो, भांड्याच्या तळाला चिकटलेला डिंक. म्हणून भरपूर द्रावक घ्यायचं, पाच लिटर द्रावकात चिमूटभर माल, आणि तोही थेंबाथेंबाने. प्रत्येक रेणू इतका एकटा पडला पाहिजे की त्याला स्वतःशिवाय कुणी सापडू नये.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मी यात जी चूक केली, ती आमच्याच घरातली पोरगी करू शकते. चिमूटभर मालासाठी पाच लिटर द्रावक ओतायला माझा हात उचलेना. आमच्याकडे पाणी पाच दिवसांनी येतं. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला जातं. सुताचं तुटलेलं टोकसुद्धा अप्पा खिशात घालून आणतात, कुठेतरी गाठ मारायला होईल म्हणून. मी विचार केला, दोन लिटरात काय होणार नाही? प्रयोगाच्या वहीत मात्र पाच लिहिलं. दोन दिवस थेंबांसमोर बसले. तिसऱ्या दिवशी तळाला पिवळा डिंक. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच. वहीत प्रत्येक वेळी पाच.

आमचे सर भांडं उजेडात धरून बघत होते. म्हणाले, "गर्दी झालीय. किती घेतलंस?"

"पाच, सर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग कपाटातल्या द्रावकाच्या बाटल्यांकडे बघितलं. त्या भरलेल्या होत्या. भांडं खाली ठेवून निघून गेले. त्या नजरेने मला जेवढा घाम फुटला तेवढा त्या वैशाखातही फुटला नव्हता. संध्याकाळी मी त्यांच्या टेबलावर वही ठेवली. पाच खोडून दोन केलं होतं, तिन्ही ठिकाणी.

पुढे कितीदा तरी मनात आलं, की हे पाच लिटरचं शास्त्र मलाच लागू झालंय. सात माणसं दोन खोल्यांत राहायची, तेव्हा मी जिन्याच्या पायरीवर बसून अभ्यास करायचे. जाणारा येणारा माझ्या पाठीला गुडघा लावून जायचा. आता जुळे सोलापुरात एका मैत्रिणीसोबत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. दार लावलं की कुणाचा आवाज येत नाही. घरी गेलं की मी काय करते ते कुणाला कळत नाही, आणि इथे मी कुठून येते ते कुणाला कळत नाही. शिकायचं म्हणजे एवढं पातळ व्हावंच लागतं का, की आपल्याला आपली शेपटी तेवढी सापडावी? दुपारचे बारा ते पाच बाहेर पडायची सोय नसते. रस्ता तापलेला, झाडाखाली कुत्रीसुद्धा जीभ काढून पडलेली. मग तोच तोच विचार खोलीत फिरत राहतो, पंख्याच्या वाऱ्यासारखा, आहे तिथेच गरम.

*

त्याच उन्हाळ्यात अप्पांच्या पोटात कळ उठली. जेवल्यावर उजव्या बरगडीखाली. आधी ओवा झाला, मग सोडा, मग सोनोग्राफी. पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टर म्हणाले, एखादा खडा नळीत सरकला तर कावीळ होईल, जिवावर बेतेल, काढून टाकू. दुर्बिणीतून होईल, पण पूर्ण भूल द्यावी लागेल.

अप्पा नको म्हणाले.

मरणाला ते घाबरत नव्हते. त्यांची भीती वेगळी होती. त्यांच्या कारखान्यात पूर्वी एक जॉबर होता, मागांची दुरुस्ती करणारा. त्याचं कुठेतरी, केव्हातरी ऑपरेशन झालं. तो सांगायचा, "मला सगळं ऐकू येत हुतं. भांडी वाजलेली, नर्स हसलेली. पन पापनी उचलंना. बोट हालंना. मी आत, आन् भाईर कुलूप." ही गोष्ट अप्पांनी आम्हाला लहानपणी भुताच्या गोष्टीसारखी सांगितली होती. आता तीच त्यांच्या छातीवर येऊन बसली.

"मेलो तर मेलो," अप्पा म्हणाले. "पन आत कोंडून ठिवलं तर? मी हाक कुनाला मारू?"

तीस वर्षं सुताची धूळ खाल्लेली छाती. चार पायऱ्या चढल्या की शिट्टी वाजते. रोज कळ येत होती, रोज ते ओवा चघळत होते, आणि आई माझ्याकडे बघत होती. तुला एवढं शिकवलं ते कशासाठी, असं ती बोलत नव्हती एवढंच.

मी अप्पांना प्रयोगशाळेत घेऊन आले. ते पहिल्यांदाच येत होते. इस्त्रीचा सदरा घालून आले, सोबत अंबादासमामा. दाराशी दोघांनी चपला काढल्या. मी म्हटलं, इथे चपला घालाव्या लागतात, खाली काच असते. मामा म्हणाले, "देवळात काडतात, हितं घालतात. उलटंच हाय की सगळं."

मी एका नळीत गुलाबी पाणी केलं. चुना ओळखायला शाळेत वापरतात तो रंग. त्यात पांढरी भुकटी टाकली आणि हलवलं. गुलाबी गेलं. नळीत नुसतं पाणी.

अप्पा पुढे झुकले. त्यांनी अनेक वर्षं रंगीत सूत हाताळलंय. रंगाच्या बाबतीत त्यांना फसवता येत नाही.

"जाळला?"

"नाही. ही भुकटी म्हणजे कड्या आहेत, साखरेपासून केलेल्या. ह्या विकत मिळतात. रंग त्यांच्या पोकळीत जाऊन बसला. आहे तिथेच आहे, पण दिसत नाही."

"अडकलाय म्हन की."

"अडकलाय."

"सुटतो का?"

मी दुसऱ्या बाटलीतला एक पदार्थ टाकला. त्या कडीत तो रंगापेक्षा जास्त घट्ट बसतो. तो आत शिरला, रंग बाहेर ढकलला गेला. पाणी पुन्हा गुलाबी.

मामा टाळी वाजवायचेच राहिले. अप्पा मात्र नळीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "रंग उडतो ते म्हायती हुतं. लपतो, ते आज बघितलं."

तेव्हा मी त्यांना सांगितलं, की हिचीच एक मोठी बहीण आहे. माणसांनी तिला बाहेरून जास्तीचे हात लावलेत. ऑपरेशनच्या वेळी अंग सैल पडावं म्हणून जे औषध देतात, त्यासाठीच ती घडवलीय. रक्तात सोडली की त्या औषधाचा रेणू आपल्या पोटात घेते आणि घेऊन जाते. माणूस काही मिनिटांत हात हलवतो. आणि ही नळीतली गोष्ट नाही अप्पा, दवाखान्यात वापरतात.

हे सगळं खरं होतं. अगदी प्रत्येक शब्द.

"मंग मला ती देत्याल?"

इथे मी थांबायला हवं होतं. म्हणायला हवं होतं की डॉक्टरांना विचारू. पण मला सांगा, पहिलीपासून ज्या माणसाने माझ्या पुस्तकांना कव्हरं घातली, त्याने पहिल्यांदा मला माझ्या विषयातलं काहीतरी मागितलं होतं. माझी छाती एवढी फुगली होती, की तिच्यात दुसरं काही मावलं नाही.

"देतील की, अप्पा," मी म्हटलं.

त्यांनी त्याच संध्याकाळी होकार दिला.

*

भुलीच्या डॉक्टर मॅडम माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. मी त्यांना बाजूला घेऊन कडीच्या औषधाचं विचारलं. मी रसायनशास्त्रात संशोधन करते, हेही सांगितलं, न विचारताच. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"चांगलं औषध आहे," त्या म्हणाल्या. "गरज पडली तर वापरते. पण तुमच्या वडिलांना बहुतेक नेहमीचंच पुरेल. आणि मी अंदाजाने श्वासाची नळी काढत नाही." त्यांनी माझं मनगट हातात घेतलं. "इथे नसेवर बारीक चटके देते, लागोपाठ चार. अंगठा चारही वेळा सारखा जोरात हलला, की समजायचं माणूस परत आला. नाही हलला तर थांबते."

"पण मी अप्पांना सांगितलंय की..."

"काय सांगितलंय?"

"काही नाही," मी म्हटलं.

चटक्यांचं आणि अंगठ्याचं मॅडमनी अप्पांनाही समजावून सांगितलं. आत जायच्या आधी अप्पांनी स्ट्रेचरवरून मान वळवली. "कडीचं सांगितलंस न्हवं?"

"सांगितलंय."

हेही खरंच होतं. सांगितलं होतं.

मग ती दुपार. दवाखान्यातला लांब कॉरिडॉर, एका टोकाला खिडकी, आणि खिडकीत वितळल्यासारखा पांढरा उजेड. आई पदराने वारा घेत होती. मामा आपल्या डाव्या हाताची बोटं एकेक करून ओढत होते, धागा द्यायची सवय. मी दाराकडे बघत बसले. दारामागे एक माणूस झोपलाय, त्याचा श्वास मशीन घेतंय, त्याची पापणी त्याच्या ताब्यात नाही, आणि तो माझ्या शब्दावर झोपलाय. औषधावर नाही, डॉक्टरवर नाही. माझ्या दोन शब्दांवर. त्याआधी आणि त्यानंतर इतकं कोंडल्यासारखं मला कधी झालं नाही, आणि माझ्या तर चारी बाजूंनी दारं उघडी होती.

तासाभराने मॅडम बाहेर आल्या. मास्क खाली केला. "छान झालं. चारही आले." मग माझ्याकडे बघून, "नेहमीचंच पुरलं."

अप्पांनी डोळे उघडले तेव्हा पहिल्यांदा त्यांनी अंगठा हलवून बघितला. मग हसले. जीभ जड होती, तरी विचारलं, "दिली का गं कडी?"

मी मान हलवली. वर, खाली. एकदाच.

*

खोटं मोठं नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळ सांगितलं. आजारी माणूस होता. बरा झाला. पण ते खोटं अप्पांनी आपल्याजवळ ठेवलं नाही. टाके निघायच्या आधीच ते गल्लीत फिरायला लागले. चहाच्या टपरीवर, पिठाच्या गिरणीत, मागाच्या खडखडाटात ओरडून: "माझ्या पोरीच्या कडीनं मला भाईर काडलं." पुढे पुढे मूळ कडी गळून गेली आणि ती मीच केलेली झाली. वर्षभराने ती अप्पांच्या अंगातच राहिली होती. "अजून हाय हितं," असं ते छातीवर हात ठेवून सांगायचे. औषध एक-दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातं, हे मी सांगणार कसं? जे आत गेलंच नाही, ते बाहेर गेलं म्हणून?

घरी जायचं मी कमी केलं. कामाचं निमित्त होतंच, पंपासमोर कुणीतरी बसायचं असतं. गेले की गल्लीतली एखादी बाई लेकीला पुढे ढकलायची, "ताईसारखं शिक. बापाला वाचवलं तिनं." पोरगी माझ्याकडे अशी बघायची, की मला त्या नळीतल्या रंगासारखं कुठेतरी लपावंसं वाटायचं. जिचा मला एवढा अभिमान, ती माझी पदवी त्या गल्लीत एका न घडलेल्या गोष्टीवर उभी होती. मी खरंच केलेलं काम, तीन डिंकांनंतरचा चौथा प्रयोग, पूर्ण पाच लिटरातला, आणि त्यातून निघालेली चिमूटभर पांढरी कडी, ते तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. मी सांगितलंही नव्हतं. एवढ्या मोठ्या कडीपुढे ती लहान दिसली असती.

दर उन्हाळ्यात हे सगळं वर येतं. पहिल्या लाहीबरोबर, ओल्या टॉवेलच्या वासाबरोबर. अप्पांच्या ओव्याचा वास येतो. तो पांढरा उजेड येतो. आणि यंदा अंबादासमामा आले. माझ्या शब्दावर झोपायला तयार झालेला दुसरा माणूस. मी गप्प बसले, तर ते टेबलावर आडवे होऊन विचारणार, कडी आणलीय का? आणि कुणीतरी विचारणार, कसली कडी? त्या क्षणी त्यांच्या मनात काय होईल, ते मला ठाऊक आहे. मी खरं सांगितलं, तर ते कदाचित ऑपरेशनलाच नाही म्हणतील. आणि अप्पा?

वहीत पाचाचं दोन करायला मला तीन डिंक लागले होते. हे करायला तीन वर्षं.

*

रविवारी दुपारी दोघं कारखान्यातच होते. नवा बीम आला होता. पत्रा तापून वरून आग ओतत होता. मामांना हर्नियामुळे फार वेळ बसवत नव्हतं. ते बाजूला सुताच्या पोत्यावर टेकले होते आणि अप्पा एकटेच दोन्ही बाजूंची कसरत करत होते. मला बघून म्हणाले, "आली का. बस मागं. दे."

मी मामांच्या जागेवर बसले. कॉलेजच्या सुट्ट्यांत बसायचे तशी. पुढे वह्यांची दाट जाळी, पलीकडे अप्पा. दिसतो फक्त चष्म्याचा चकाकता तुकडा आणि आत येणारा हुक. मी धागा ठेवला. हुक गेला. पुन्हा आला. ठेवला. पन्नासेक धागे झाले असतील.

"सांग की ह्याला कडीचं," अप्पा म्हणाले. "सकाळपासनं डोकं खातोय."

हुक आत आला आणि धाग्यासाठी थांबला. मी धागा हातातच धरून ठेवला.

"अप्पा, तुम्हाला कडी दिली नव्हती."

हुक तिथेच.

"आँ?"

"तुमच्या ऑपरेशनला. लागली नाही. नेहमीचं औषध दिलं होतं. मी आधीच 'देतील' म्हणून बसले होते. नंतर तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं सांगितलं."

पलीकडच्या कारखान्यातले माग खडखडत होते. मामा पोत्यावरून म्हणाले, "आयला," आणि सावरून बसले.

हुक हळूच मागे गेला. अप्पांनी चष्मा काढला असणार, कारण चकाकता तुकडा नाहीसा झाला.

"मंग मी उठलो कसा?"

मी सांगितलं. नसेकडून स्नायूला सतत निरोप जात असतो, हल म्हणून. अंग सैल करणारं औषध त्या निरोपाच्या जागेवर जाऊन बसतं. कडी असती तर तिने त्याला रक्तातच धरून नेलं असतं. नेहमीचं औषध त्याला धरत नाही. ते एवढंच करतं, की शरीराचे निरोप लवकर विरू देत नाही. निरोप साचतात, गर्दी करतात, आणि बसलेल्याला जागेवरून उठवतात.

"निरोप कुनाचे?"

"तुमचेच."

"म्हंजे ढकलनारा मीच?"

"तुम्हीच. औषधाने मदत केली."

पलीकडे अप्पा सदऱ्याला चष्मा पुसत असावेत. मग, "तीन वर्सं गल्लीभर सांगत हिंडलो की गं."

"हो."

"त्या गिरनीवाल्याला तर दोनदा."

"मला रोज, बे," मामा म्हणाले. "कान किटले माझे."

अप्पा हसले नाहीत. मामांकडे वळून म्हणाले, "ऐकलंस न्हवं? कडीचं तसं हाय. आता तू न्हाय म्हनू नको. मनगटाला चटकं देत्यात, चारदा. अंगठा हालला की सोडत्यात. हालवून दाव."

मामांनी उजवा अंगठा वर केला. धागा देऊन देऊन त्याचं टोक चपटं झालंय.

"एक. दोन. तीन. चार. झालं, सुटला."

"आन् न्हाय हालला तर?" हे मामांनी मला विचारलं. जाळीच्या बाजूने वाकून, सरळ माझ्याकडे बघत.

"तर नळी काढत नाहीत, मामा. हलेपर्यंत मशीन श्वास देतं. झोपेचं औषधही चालू ठेवायला सांगू, म्हणजे आत जागं राहायला नको. तुमच्या डॉक्टरांना मी काल भेटून आले. कडीचं औषध त्यांच्याकडे आहे. गरज वाटली तर देतील. पण देतीलच, असं मी सांगणार नाही."

मामांनी थोडा वेळ अंगठ्याकडे बघितलं. "हां," ते म्हणाले. "आसं सांग की. बुधवारी जातो मंग."

अप्पांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. तुकडा पुन्हा चकाकला. आवाज एकदम हळू आला, फोनवर कधी येत नाही तसा.

"नंदा, फुडच्या टायमाला मला आधी खरं सांग. भ्यायचं हाय ते मी भितो. ते काम माझं."

मी जाळीजवळ सरकले.

हुक वहीच्या डोळ्यातून आत आला आणि थांबला. माझ्या हातातला धागा घामाने ओला झाला होता. त्याचं टोक मी ओठांनी सरळ केलं.

"दे," अप्पा म्हणाले.